ड्रायरचं हीटिंग एलिमेंट बदलताय? आधी या चुका टाळा

ड्रम फिरतोय, आवाजही नेहमीसारखाच येतोय, पण तासभर झाला तरी कपडे दमटच. असं झालं की बहुतेक जण सरळ एलिमेंट (हवा तापवणारी तारेची कॉइल) गेलं असं धरून चालतात आणि नवीन मागवून मोकळे होतात. इथेच पहिली चूक होते. गरम हवा न येण्याची कारणं बरीच असतात, जास्त तापल्यावर सप्लाय तोडणारा थर्मल फ्यूज उडालेला असतो, तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट गेलेला असतो, कधी नुसती एखादी वायर निसटलेली असते, आणि मोठ्या मशिनला जिथे दोन लाइव्ह वायरींमधून सप्लाय येतो तिथे त्यातली एक जरी गेली तरी मोटर मजेत फिरत राहू शकते आणि हीट मात्र शून्य. बरं, तुमचा ड्रायर गॅसवरचा किंवा हीट पंपवाला असेल तर त्यात असं एलिमेंट सहसा नसतंच, ते मॅन्युअलमध्ये आधी बघून घ्या.

म्हणून आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजायचं यंत्र. प्लग काढायचा, मशिन नुसतं बटणाने बंद करून चालणार नाही, प्लगच काढायचा आणि मशिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. मग एलिमेंटची निदान एक वायर तरी सोडवून घ्या, नाहीतर मीटर बाकीच्या सर्किटमधून वळसा घालून काहीतरी भलतंच रीडिंग दाखवतो. तार जोडलेली आहे एवढंच सांगणाऱ्या मीटरच्या बीपवर विसंबू नका, ओहम (तारेचा विद्युत रोध) बघा. किती यायला हवेत ते घरीच काढता येतं, व्होल्टेजचा वर्ग करायचा आणि वॅटने भागायचं. २४० व्होल्टवर ५४०० वॅटचं एलिमेंट असेल तर साधारण १०.७ ओहम, २३० व्होल्टवर २००० वॅटचं असेल तर साडेसव्वीसच्या आसपास. थोडा फरक चालतो, पण मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय.

आता अजून एक टेस्ट, जी लोक हमखास विसरतात. मीटरची एक पिन एलिमेंटच्या टर्मिनलला आणि दुसरी त्याच्या पत्र्याच्या डब्याला लावा, इथे काहीच रीडिंग यायला नको. आलं तर कॉइल सैल पडून पत्र्याला टेकलीय, असं एलिमेंट ओहममध्ये पास होऊ शकतं पण कपडे करपवतं, आणि काही मशिनमध्ये तर हीट बंद ठेवली तरी कॉइल तापत राहते. हा प्रकार खरंच धोक्याचा आहे.

पण मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ती चूक वेगळीच आहे. एलिमेंट का जळलं हे न बघता नवीन बसवणं. मी स्वतः हे केलंय. नवीन टाकलं, कपडे छान वाळायला लागले, आणि दीड महिन्यात परत थंड हवा. मग मशिन पुढे ओढून मागे बघितलं तर हवा बाहेर टाकणारा पाइप भिंतीला दाबून पार चपटा झालेला, आणि आत कपड्यांचा तूस गादीतल्या कापसासारखा ठासून बसलेला. बोटाने ओढला तर सलग पट्टाच निघाला हातभर. कॉइलवरून हवा सतत वाहत राहिली तरच ती जगते, हवा अडली की तार नको तेवढी तापते, सैल पडते आणि एका जागी तुटते. त्यामुळे लिंट फिल्टर (तूस अडवणारी जाळी), पाइप, बाहेरचं झाकण, पंख्याची जागा हे सगळं साफ केल्याशिवाय नवीन एलिमेंटला हात लावू नका. कंडेन्सरवाल्या (दमट हवेतल्या वाफेचं आतच पाणी करणाऱ्या) मशिनमध्ये पाइप नसतो पण कंडेन्सर असाच तुंबतो.

थर्मल फ्यूज उडालेला दिसला की काही जण तिथे वायर जोडून टाकतात, काम चालतं म्हणून. प्लीज नका करू. जास्त तापमानाला सप्लाय तोडायला तोच तर बसवलेला असतो, तो काढला तर तूस पेट घेईपर्यंत मशिन थांबणार नाही. नवीन फ्यूजही त्याच रेटिंगचा हवा, आणि एलिमेंटसोबत किटमध्ये थर्मोस्टॅट आणि कट-ऑफ (जास्त तापल्यावर सप्लाय तोडणारा भाग) आला असेल तर तोही बदलूनच टाका.

बसवताना छोट्या छोट्या गोष्टी नडतात. वायरी काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. एलिमेंट मॉडेल नंबर बघूनच घ्या, दिसायला सारखं असून वॅट वेगळे असू शकतात. कॉइल हाताने ओढू किंवा दाबू नका. आणि वायरच्या टोकाचा लग, म्हणजे टर्मिनलवर बसणारी धातूची क्लिप, बघा, काळा पडला असेल किंवा सैल बसत असेल तर तो कापून उष्णता सहन करणारा नवीन लग क्रिंप करा (पकडीने दाबून घट्ट बसवा), सोल्डर नको, ते तिथल्या उष्णतेने वितळतं. सैल लगवर नवीन टर्मिनलसुद्धा जळतं.

सगळं जोडलं की मशिन लगेच भिंतीला ढकलू नका. पाइप लावून दहा मिनिटं रिकामं चालवा, बाहेरच्या झाकणापाशी हात धरा, हवा गरम हवी आणि जोरातही हवी. सुरुवातीला थोडासा वास येतो आणि जातो, पण कापड करपल्यासारखा वास आला तर लगेच प्लग काढा आणि आत कुठे तूस राहिलाय का ते परत बघा. मग मशिन मागे सरकवताना एकदा बाजूने वाकून पाइप दुमडत नाही ना तेवढं बघून घ्या.