काउंटीचं टेंडर भरायचंय? जाहिरात यायच्या आधीच एवढं तयार ठेवा

आमचं एडिसनजवळ छपाई आणि साइनबोर्डचं छोटं दुकान आहे, चार माणसं, दोन मोठी मशीनं, नवरा मशीन बघतो आणि मी कागद, आणि गेली काही वर्षं न्यू जर्सीतल्या दोन-तीन काउंट्यांची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) कामं आम्ही घेतोय त्यामुळे गणपतीत म्हणा नाहीतर मंडळाच्या पिकनिकला म्हणा कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतंच, की हे सरकारी काम मिळतं कसं, आत ओळख लागते का. ओळख लागत नाही हो. कागद लागतात, आणि ते जाहिरात यायच्या आधी लागतात. कारण जाहिरात आणि बिड उघडायचा दिवस यात कायद्याने किमान दहा दिवस असले की झालं, त्या दहा दिवसांत स्पेसिफिकेशन वाचायचं, भाव काढायचा, का एखाद्या सर्टिफिकेटसाठी ट्रेंटनला म्हणजे राजधानीला अर्ज करत बसायचं? म्हणून ही यादी. आणि हे सगळं न्यू जर्सीपुरतं, टेक्सास-कॅलिफोर्नियावाल्यांनी आपापले कायदे बघा.

आधी काउंटी नक्की काय विकत घेते ते समजून घ्या, निम्मे लोक इथेच चुकतात. एडिसन ही टाउनशिप, मिडलसेक्स ही काउंटी, आणि तिचा कारभार न्यू ब्रन्सविकमधून चालतो. गावचे पोलीस, गावचा कचरा, फायर ट्रक हे सहसा टाउनशिपचं. काउंटीकडे रस्ते असतात (निळ्या पंचकोनावर पिवळा आकडा असलेला बोर्ड दिसतो ना, तो काउंटी रूट), पूल, जेल, शेरीफचं ऑफिस, मोठी पार्कं, निवडणुकीचं बरंच काम, ज्येष्ठांचे कार्यक्रम. काउंटी कॉलेज आणि व्होकेशनल शाळांची बोर्डं वेगळी, त्यांची खरेदी पण वेगळी, म्हणजे एकाच काउंटीत तुम्हाला तीन-चार दारं आहेत आणि राज्यात काउंट्या २१. आपल्याला गाडीने तासाभरात माल पोचवता येईल अशा तीन-चार निवडा, सगळ्यांच्या मागे लागू नका, मी लागले होते आणि सहा महिने नुसते पीडीएफ डाउनलोड केले.

आता आकडे, हे नीट लक्षात ठेवा कारण नव्या माणसाचा मार्ग यातूनच जातो. काउंट्या, गावं वगैरेंना लागू होतो तो लोकल पब्लिक कॉन्ट्रॅक्ट्स लॉ, १९७१ चा. त्यात जाहीर टेंडर कधी काढायचं याची मर्यादा आहे, काउंटीकडे क्वालिफाइड परचेसिंग एजंट असेल (राज्याचं सर्टिफिकेट असलेला खरेदी अधिकारी, बहुतेक ठिकाणी असतो) तर १ जुलै २०२५ पासून ती ५३,००० डॉलर, त्याआधी ४४,००० होती, दर पाच वर्षांनी बदलते. याच्या पंधरा टक्के म्हणजे ७,९५० च्या वर आणि ५३,००० च्या आत असेल तर शक्यतो दोन कोटेशन मागवून काम देतात. आणि ७,९५० च्या खाली कोटेशनचीही सक्ती नाही. म्हणजे काय, तर पहिलं काम टेंडरने मिळवायचा हट्ट सोडा! परचेसिंगच्या साइटवर व्हेंडर म्हणून नाव नोंदवा, तिथे मालाचे कोड विचारतात, बऱ्याच ठिकाणी एनआयजीपीचे (सरकारी खरेदीसाठी केलेली मालाची वर्गवारी), ते घाईत एकच टिकमार्क करून सोडून देऊ नका. आम्ही आधी फक्त 'प्रिंटिंग' निवडलं होतं, साइन, डिकल, लिफाफे, बॅनर हे सगळे वेगवेगळे कोड आहेत हे कळल्यावर कोटेशनच्या ईमेल यायला लागल्या. आमचं पहिलं काम किती रुपयांचं, आपलं डॉलरचं, तर साडेअकराशे. पार्कातल्या पाट्या. पण त्याने आम्ही सिस्टीममध्ये आलो आणि पुढच्या बिडमध्ये संदर्भ म्हणून सरकारी गिऱ्हाइकाचं नाव लिहिता आलं.

जाहिराती शोधायच्या कुठे? काउंटीच्या स्वतःच्या साइटवर, परचेसिंग किंवा बिड्स नावाच्या पानावर, आठवड्यातून दोनदा, मी सोमवार आणि गुरुवार ठरवलेत, चहा घेता घेता होतं. पूर्वी लोक पेपरातल्या लीगल नोटिसा बघायचे, स्टार-लेजरचा कागदी अंक तर २०२५ च्या फेब्रुवारीत बंदच झाला. बिडनेट, बोनफायर, ओपनगव्ह असले पोर्टल वेगवेगळ्या सरकारी ऑफिसांनी घेतलेत, तिथे विक्रेत्याने नाव नोंदवायला पैसे भरायची सहसा गरज नसते, पैसे मागतात ते जादा सोयींचे. आणखी एक, सॅमवर म्हणजे केंद्र सरकारच्या साइटवर नोंदणी केलीत (काउंटीच्या साध्या कामाला ती लागत नाही, पण केंद्राचा पैसा असलेल्या कामात उपयोगी) तर ती फुकट असते बरं का, नोंदणी झाली रे झाली की सरकारी वाटेल अशा लिफाफ्यातून पाचशे-सहाशे डॉलर मागणारी पत्रं येतात, ती सरळ फाडा. धंद्याची ओळख म्हणून पूर्वी डन्स नंबर लागायचा, तो २०२२ च्या एप्रिलपासून गेला, आता यूईआय नंबर, तोही फुकट.

आणि काही कामांची जाहिरात कधी येतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. काउंटी राज्याच्या कॉन्ट्रॅक्टवरून किंवा एखाद्या को-ऑपच्या (अनेक सरकारी ऑफिसं मिळून खरेदी करतात ती व्यवस्था) यादीवरून थेट माल उचलू शकते, वेगळं बिड न काढता. तुमच्या मालाची जाहिरात दोन-दोन वर्षं दिसत नसेल तर काउंटी ते घेत नाही असं नाही, दुसरीकडून घेतेय. परचेसिंगला फोन करून विचारा की हे कुठल्या कॉन्ट्रॅक्टवरून घेता, सांगतात, आणि मग त्या को-ऑपचं पुढचं बिड कधी निघतंय त्यावर डोळा ठेवा.

आता फाइल. एक फोल्डर करा, कागदाचं पण आणि कॉम्प्युटरवर पण. त्यात बिझनेस रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, हे राज्याच्या महसूल खात्याकडून मिळतं, त्यावरचं नाव आणि बिडवरचं नाव अक्षरशः एक हवं, एलएलसी कुठे लिहिलंय कुठे नाही असं चालवू नका. डब्ल्यू-९, म्हणजे आपला टॅक्स नंबर देणारा फॉर्म. अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनचा (म्हणजे नोकरीत समान संधीचा) एए-३०२ फॉर्म भरून मिळणारं सर्टिफिकेट, त्याला १५० डॉलर फी. इन्शुरन्सचं अकॉर्ड फॉर्मवरचं सर्टिफिकेट, काउंटीचं नाव अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड म्हणून (म्हणजे आपल्या पॉलिसीत तिलाही संरक्षण) घालायला एजंटला किती दिवस लागतात ते आधीच विचारून ठेवा, आमच्या एजंटला तीन लागतात. वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामगारांच्या इजेचा विमा. नॉन-कोल्युजन अ‍ॅफिडेव्हिट, म्हणजे भाव इतरांशी संगनमताने ठरवला नाही याची शपथ, इराणमध्ये गुंतवणूक नाही याचा फॉर्म, हे बिडच्या गठ्ठ्यातच असतात, फक्त सह्या. नोटरी लागते म्हणून जवळपास नोटरी कोण ते बघून ठेवा. बांधकाम, रंगकाम, दुरुस्तीवाले असाल तर पब्लिक वर्क्स कॉन्ट्रॅक्टर रजिस्ट्रेशन आणि प्रिव्हेलिंग वेज (सरकारने ठरवलेली मजुरी) हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यात अर्धवट माहितीवर उतरू नका.

पण या सगळ्या ढिगात पाच कागद असे आहेत की जे मागितले असतील आणि बिडबरोबर नसतील तर विषय संपला. कायद्यातच तसं लिहिलंय, फेटल डिफेक्ट, काउंटीच्या मनात असलं तरी माफ करता येत नाही. एक बिड गॅरंटी, म्हणजे बिडच्या दहा टक्के पण वीस हजार डॉलरच्या वर नाही, चेक किंवा बाँड. दोन, शुअरिटी म्हणजे हमी घेणाऱ्या कंपनीचं पत्र, की काम मिळालं तर आम्ही बाँड देऊ. तीन मालकीचा खुलासा, दहा टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा कोणाकोणाचा. चार सबकॉन्ट्रॅक्टरची यादी. पाच, अ‍ॅडेंडा म्हणजे जाहिरातीनंतर निघालेला बदल मिळाला याची पोच.

माझे सासरे साताऱ्याला जिल्हा परिषदेची कामं घ्यायचे, त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले ही तर आपली बयाणा रक्कम आणि एल-वन (सगळ्यात कमी भाववाला), नवीन काय त्यात. नवीन हे की तिकडे दोन लिफाफे असतात, पहिला कागदांचा, कागद नसतील तर भावाचा लिफाफा फुटतच नाही. इथे उलटं. इथे आधी सगळ्यांसमोर भाव वाचतात आणि कागद नंतर तपासतात. म्हणजे तुम्ही सगळ्यात कमी आहात हे स्वतःच्या कानांनी ऐकता, घरी येऊन शिरा करता, आणि मग बिड बाद झाल्याचं पत्र येतं.

आमचं तेच झालं. काउंटी कुठली ते सोडा, चूक माझीच होती. दोन वर्षांचं छपाईचं काम, आम्ही दुसऱ्यापेक्षा एकोणीसशे डॉलरने खाली. मधल्या आठवड्यात एक अ‍ॅडेंडा निघाला होता, दीड पानाचा, एका लिफाफ्याचा साइज बदललेला, बाकी काही नाही, मी तो वाचला होता, भाव पण नव्या साइजने काढला होता! फक्त पोचपावतीच्या पानावर 'अ‍ॅडेंडा नंबर १' असं लिहून सही करायची राहिली. ते पान रिकामं गेलं. नवऱ्याने विचारलं आता सही करून दिली तर, मी म्हटलं नाही चालत, तर त्याचा दोन दिवस विश्वास बसेना. तेव्हापासून बिड द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी काउंटीची साइट परत उघडते, नवीन अ‍ॅडेंडा आलाय का बघते, आणि एकही नसला तरी त्या पानावर 'नाही' लिहून सही करते.

भावाचं काय? अंदाजपंचे भरू नका, मागच्या वेळचा भाव मागवता येतो. ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट, सगळे ओप्रा म्हणतात, २००२ पासून आहे, काउंटीच्या साइटवर फॉर्म असतो, त्यात नुसतं 'प्रिंटिंगची सगळी माहिती द्या' लिहिलंत तर परत पाठवतील, अमुक बिड नंबरची टॅब्युलेशन शीट आणि जिंकलेलं बिड असं नेमकं मागा, साधारण सात कामाच्या दिवसांत, धंद्यासाठी मागितलंय असं धरलं तर चौदा दिवसांत, उत्तर येतं. टॅब्युलेशनमध्ये कोणी किती भरलं ते ओळीने दिसतं आणि डोळे उघडतात. आम्हाला वाटायचं आपण महाग असू, निघालं भलतंच, छपाईत आम्ही स्वस्त होतो, डिलिव्हरीत मार खात होतो कारण जिंकणारा काउंटीच्या अकरा ठिकाणी स्वतःच्या व्हॅनने पोचवायचा आणि आम्ही कुरिअर लावून. मग आम्ही व्हॅन घेतली, जुनी.

स्पेसिफिकेशन दोनदा वाचा, एकदा काय हवंय म्हणून आणि एकदा काय लिहिलेलं नाही म्हणून. ठरावीक ब्रँडचं नाव असेल तर घाबरू नका, त्याच्या तोडीचा दुसरा माल चालतो, फक्त तो तोडीचा आहे हे दाखवायचं काम आपलं. शंका असेल तर लेखी विचारा, प्रश्नांची शेवटची तारीख दिलेली असते, फोनवर कोणी 'हो चालेल' म्हणालं त्याला काही किंमत नाही. आयटीवाल्यांनो, तुमच्याकडे बऱ्याचदा कॉम्पिटिटिव्ह कॉन्ट्रॅक्टिंग पद्धतीने आरएफपी (प्रस्ताव मागवणारी जाहिरात) निघते, तिथे नुसता कमी भाव नाही तर मार्क असतात, मुदतही किमान वीस दिवसांची, तेव्हा मार्क कशाला किती आहेत तेवढीच पानं त्या त्या गोष्टीला द्या. कंपनीचा इतिहास आठ पानं आणि काम कसं करणार ते पाऊण पान, असली प्रपोजलं मी पाहिलीत, ओळखीच्यांचीच.

बाँड मिळत नसेल तर एसबीए म्हणजे केंद्राच्या लघुउद्योग खात्याची गॅरंटी स्कीम आहे, लहान धंद्यांसाठीच, आणि बिड समजून घ्यायला फुकट मदत हवी असेल तर एपेक्स अ‍ॅक्सिलरेटरवाले आहेत, पूर्वी पीटॅक म्हणायचे. मी पहिले दोन फॉर्म त्यांच्याच एका बाईंबरोबर बसून भरले.

द्यायच्या दिवशी ऑनलाइन असेल तर आदल्या दिवशी अपलोड करा, हे सांगायला नको. कागदी असेल तर लिफाफ्यावर बिडचं नाव, नंबर, उघडायची वेळ मोठ्या अक्षरात, आणि स्वतः घेऊन जा. अकराची वेळ म्हणजे अकरा. एकदा माझ्यासमोर एक माणूस धावत आला, घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं, खिडकीतल्या बाईंनी लिफाफा हातातही घेतला नाही. पार्किंग मिळत नव्हतं म्हणाला बिचारा. उघडताना थांबा, भाव लिहून घ्या, ही फुकटची माहिती आहे.

नंतर धीर धरा. काउंटीकडे साधारण ६० दिवस असतात द्यायला किंवा सगळी बिडं रद्द करायला, सगळेच त्यांच्या अंदाजापेक्षा फार महाग निघाले तर रद्द करतात, मनाला लावून घेऊ नका. मग बोर्ड ऑफ काउंटी कमिशनर्सच्या मीटिंगमध्ये ठराव होतो, जुने लोक त्यांना अजून फ्रीहोल्डर म्हणतात, ते नाव २०२१ च्या जानेवारीत गेलं. ठराव झाला म्हणून मशीन चालू करू नका, पीओ म्हणजे काउंटीची लेखी ऑर्डर हातात येऊ दे, पीओशिवाय केलेल्या कामाचे पैसे मागणं म्हणजे डोक्याला ताप. आणि पैसे लगेच मिळत नाहीत, व्हाउचर सही करून द्यायचं, मग ते बिलांच्या यादीत जातं, मग मीटिंग, तेव्हा दोन महिन्यांचा कागद-शाईचा खर्च हाताशी ठेवूनच यात पडा. आमचं पहिलं बिल तर परतच आलं होतं, सवयीने मी खाली ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लावला होता, काउंटीला तो लागत नाही. त्यावर पेन्सिलने गोल करून बाजूला एक छोटं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. टॅक्स काढून दुसऱ्या दिवशी परत पाठवलं, पण त्या महिन्याची यादी तोवर गेली होती.