पहिला खेळ सोलापुरात: नव्या माहितीपटकारांसाठी थोडं अनुभवाचं

पहिली डॉक्युमेंट्री पुरी होत आली की दोन फोन हमखास येतात. एक मित्राचा: "अजिबात कुठे दाखवू नकोस, प्रीमियर हातचा जाईल." दुसरा घरून: "आम्हाला कधी दाखवतोस?" माझ्या मावसभावाला दोन्ही आले. त्याची फिल्म सोलापूरच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या गोदूताई घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत विड्या वळणाऱ्या बायकांवर आहे. तो सोलापूरचाच. मी पुण्यात संकलनाचं काम करते, त्यामुळे या खेळाला मी बहीण म्हणूनही होते आणि कामाला जुंपलेली म्हणूनही.

आधी मित्राच्या फोनचं. काही महोत्सवांना फिल्म आधी कुठेच दाखवलेली चालत नाही, काहींना फक्त त्यांच्या शहरात दाखवलेली चालत नाही, आणि बऱ्याच जणांना काहीच फरक पडत नाही. म्हणून ऐकीव गोष्टींवर न जाता प्रत्येकाची नियमावली वाचायची. यूट्यूबवर मात्र घाईने टाकू नका, तिथे बरीच दारं बंद होतात. मुंबईचा मिफ हा माहितीपटांचा महोत्सव 1990 पासून एक वर्षाआड भरतो, तेव्हा तारीख चुकली तर थांबणं आलं. भावाने यादी काढली, दोन-तीन नावांवर काट मारली आणि पहिला खेळ सोलापुरात ठरवला. मला ते पटलं. ज्यांच्या घरात महिनोन्‌महिने कॅमेरा घेऊन बसलात, त्यांनी फिल्म परक्या गावाच्या बातमीतून ऐकावी हे काही बरं नाही.

आता सगळ्यात किचकट भाग. सार्वजनिक खेळ करायचा तर माहितीपटालाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, तिकीट नसलं म्हणून सुटका नाही. अर्ज सेन्सॉर मंडळाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर करायचा. महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, पण ती त्या महोत्सवापुरतीच. आणि आमची फिल्म विड्यांची! पडद्यावर तंबाखूचा पदार्थ दिसत असेल तोवर खाली इशाऱ्याची पट्टी हवी, शिवाय सुरुवातीला आणि मध्यावर आरोग्याचा संदेश, असा नियम 2012 पासून आहे. ओढणारा कोणी नसला तरी विडी दिसतेच, म्हणजे आमच्याकडे पट्टी जवळपास अखंड. त्यात बायका बोलतात तेलुगू, त्यामुळे मराठी उपशीर्षकंही तळालाच. दोन्ही एकमेकांवर चढली. मग उपशीर्षकं वर सरकवली, तर ती नेमकी हातांवर आली. पान कातरणारे, तंबाखू भरून झपझप वळणारे हात हीच तर फिल्म! शेवटी वाक्यं निम्मी केली, काही ठिकाणी तर फक्त आवाज राहू दिला. सांगायचं एवढंच की तळाची जागा चित्रीकरणाच्या वेळीच मोकळी सोडा. संकलनाच्या टेबलावर ती तयार होत नाही.

प्रमाणपत्राला पाठवण्याआधी कच्ची फिल्म त्या बायकांना दाखवा, कारण नंतर कापाकापी केली तर ती पुन्हा मंडळाला कळवावी लागते. आमच्याकडे एका काकूंनी नवऱ्याच्या कर्जाचा आकडा काढायला सांगितला. कॅमेऱ्यासमोर त्या स्वतःच बोलल्या होत्या, संमतीपत्रावर सहीही होती. तरी काढला. गल्लीत राहायचं त्यांना आहे.

सभागृहाचं थोडक्यात. चित्रपटगृहाला डीसीपी, म्हणजे तिथल्या प्रोजेक्टरवर चालणारी फिल्मची डिजिटल प्रत लागते. ती सेकंदाला 24 फ्रेमने बनवून घ्या आणि पहिल्याच फिल्मला कुलूपबंद करायच्या फंदात पडू नका, नाहीतर त्या त्या पडद्यासाठी वेगळी डिजिटल किल्ली मागवत बसाल. डीसीपीची डिस्क बहुधा लिनक्सच्या पद्धतीने तयार केलेली असते, घरच्या विंडोज लॅपटॉपवर उघडली नाही म्हणून ती बिघडली असं समजून फॉरमॅट करू नका. नाटकाचं सभागृह घेतलंत तर आदल्या दिवशी जाऊन शेवटच्या रांगेत बसून ऐका. भाषणाच्या स्पीकरवर कुजबुज ऐकू येत नाही. आणि मे महिन्यात सोलापुरात दुपारचा खेळ ठेवायचा विचार असेल तर एसी चालतो का, हे प्रोजेक्टरच्याही आधी विचारा.

आता घरच्यांचं. पुण्याहून आम्ही संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालो, मुंबईची मंडळी रात्रीच्या सिद्धेश्वरने. दौंड सुटेपर्यंत मामांनी विचारलंच, "यात मिळतं काय?" खरं उत्तर दिलं: फिल्ममधून सध्या काही नाही. भाऊ लग्नांचे व्हिडिओ करतो, मी कंपन्यांच्या जाहिराती कापते, त्यावर घर चालतं. मित्रमंडळींत यावर कोणी बोलत नाही, म्हणून नवख्यांना वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

नातेवाईक नुसते प्रेक्षक म्हणून आले की पहिल्या रांगा अडवतात, म्हणून त्यांना कामं वाटून द्या. मामांची नोकरी एस.टी.तली, तेव्हा कुंभारीहून बायकांना आणायची-न्यायची बस त्यांच्याकडे. मावशी दारात, पुढच्या पाच रांगा राखायला. ओळखीच्या एका पुढाऱ्यांनाही तिने गोड बोलून मागे बसवलं, हे माझ्याच्याने झालं नसतं. लहान मुलं भाचीकडे, शेंगापोळीच्या डब्यासकट. सत्काराला आत्या शाली आणणार होती, तर मावशी म्हणाली, "अगं, सोलापुरात शाल कशाला? चादर दे." चादरी दिल्या, पण खेळानंतर. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मनोगत हे सगळं आधी घेतलंत तर तासभर तिथेच जातो. खेळाची वेळही आम्ही नाही, बायकांनी ठरवली. विड्या कारखान्यात जमा करून, स्वयंपाक उरकून त्या येणार होत्या.

खेळात एक गोष्ट कळली, ती संकलनात कधीच कळली नसती. हशा दोनदा येत होता. आधी पुढच्या रांगांतून, तेलुगू कळणाऱ्यांचा. मग उपशीर्षक वाचून मागून, आमच्या नातेवाइकांचा. काही ठिकाणी पुढचा हशा आला आणि मागचा आलाच नाही. त्या जागा मी मोबाइलवर टिपून ठेवल्या. महोत्सवाच्या प्रतीसाठी त्या वाक्यांचं भाषांतर पुन्हा केलं.

प्रश्नोत्तरांत माइक आधी पुढच्या रांगांना द्या. तो मागे गेला की कॅमेरा कोणता, बजेट किती, हेच सुरू होतं. इथे पहिला प्रश्न एका आजींचा होता: "हजार विड्यांची मजुरी सांगितलीस, पण छाटात विड्या बाजूला काढतात ते कुठंय?" छाट म्हणजे खराब ठरवून नाकारलेल्या विड्या. भावाकडे ते चित्रीकरण होतं, लांबी वाढते म्हणून गाळलेलं. तो उत्तर देईपर्यंत शेजारच्या दोघी सुरू झाल्या आणि पुढची दहा मिनिटं त्याच बोलल्या. मामांनी दारातून घड्याळ दाखवलं. बस साडेनऊची ठरली होती आणि साडेनऊलाच सुटली. मागच्या रांगांतले बजेटचे प्रश्न राहून गेले.