एसी किती टनाचा घ्यावा? पुण्यातल्या घरांसाठी या चुका टाळा

एप्रिल लागला की एसीच्या दुकानात पहिला आणि बहुतेकदा शेवटचा प्रश्न असतो, "खोली केवढी आहे?" आपण "दहा बाय बारा" म्हणायचं, समोरच्यानं "दीड टन घेऊन टाका" म्हणायचं, की विषय संपला. मजला कितवा, खिडकी कुठल्या दिशेला, एसी दुपारी लागणार की रात्री, हे विचारायचं राहूनच जातं. पुण्यात टनाचा आकडा खरं तर याच गोष्टींवर ठरतो.

खोली मोजली, मजला पाहिला नाही

एक टन म्हणजे साधारण ३,५०० वॅट उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद. आता आत उष्णता येते किती, ते बघू. एकाच इमारतीतल्या दोन बेडरूम घ्या, दोन्ही दहा बाय बाराच्या. पहिली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला, वर-खाली शेजाऱ्यांची घरं. दुसरी सगळ्यात वरच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला, डोक्यावर उघडी गच्ची. मे महिन्यात दुपारी चार वाजता दुसऱ्या खोलीच्या चार बाय चारच्या काचेतून नुसतं ऊनच ढोबळ हिशेबानं पाच-सहाशे वॅट उष्णता आत आणतं. जवळपास तेवढीच स्लॅबमधून उतरते, आणि पश्चिमेची तापलेली भिंत आहेच. पहिल्या खोलीत त्या वेळी दोन माणसं (प्रत्येकी शंभरेक वॅट), पंखा, दिवा आणि फटींतून शिरणारी गरम हवा, एवढाच भार. तिला एक टन भरपूर होतो, दुसरीला दीड लागतो.

स्लॅब उष्णता सोडतोही उशिरा. रात्री नऊ-दहाला स्टुलावर चढून छताला तळहात टेकवून पाहा. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि हाताला मात्र छताची ऊब स्पष्ट लागते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना "पुण्यात रात्री गार होतं" हे पटत नाही, ते यामुळेच.

माप स्वतः टेपनं घ्या, आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत. माहितीपत्रकातल्या आकड्यावर जाऊ नका. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नसेल तर स्वयंपाकघरही हिशेबात धरा. नाहीतर संध्याकाळी पोळ्या सुरू झाल्या की एसी शेगडीशी झुंजत बसतो.

"मोठाच घेऊ, लवकर गार होईल"

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती जास्त पैसे मोजून केली जाते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण रात्री बाविशीच्या आसपास उतरतो. बेडरूमचा एसी चालतो तो मुख्यतः रात्री. मधल्या मजल्यावरच्या लहान खोलीत दीड टनाचा एसी लावला की खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो, थोड्या वेळानं परत चालू होतो. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत हे खपून जातं. त्रास जाणवतो वळवाचा पाऊस पडून गेल्यावर, आणि जूनपासून तर रोजच.

हवेतला दमटपणा काढायचा तर इनडोअरमधली कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. तिच्यावर पाणी जमतं, ओघळतं आणि नळीवाटे बाहेर जातं. कॉम्प्रेसर सारखा थांबत राहिला तर कॉइलवरचं पाणी बाहेर जाण्याआधीच पंख्याच्या वाऱ्यानं पुन्हा खोलीत येतं. रिमोटवर २४ दिसत असतं, पण चादर चिकट लागते आणि कपाटाला कुबट वास येतो. मग माणूस २४ चे २० करतो, आणि गारठा वाढला तरी चिकटपणा जात नाही.

इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर वेग कमी करू शकतो, म्हणून तिथे हा त्रास कमी होतो. पण वेग किती कमी करता येईल यालाही मर्यादा आहे. खोलीची गरज त्याहून कमी असेल तर तोही चालू-बंद करायला लागतो.

टन वाचला, लेबल नाही

बीईईच्या (सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवर थंड करण्याची क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. दीड टन म्हणजे हिशेबानं ५,२०० वॅटच्या वर. प्रत्यक्षात त्याच नावाखाली ४,८०० वॅटचीही मॉडेलं विकली जातात. तुलना करायची ती वॅटची. हा आकडाही बाहेर ३५ अंश तापमान असतानाचा असतो. मेच्या दुपारी क्षमता त्याहून थोडी घटते.

ऊन न अडवता टन वाढवणं

वरच्या मजल्यावर राहत असाल तर दुकानात जाण्याआधी सोसायटीशी बोला. गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर स्लॅब बराच कमी तापतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी जाळी लावा. आतल्या पडद्याचा उपयोग तितका होत नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. एवढं केलं की पुष्कळदा दीडच्या जागी एक टनाचा एसी पुरतो.

पुरत नाही, म्हणजे लहानच असेल असं नाही

एसी आधीपासून असेल आणि खोली गार होत नसेल, तर लगेच मोठा घेऊ नका. आधी इनडोअरमधली, हवा गाळणारी जाळी धुवा. आजूबाजूला बांधकाम चालू असेल तर आउटडोअरच्या कॉइलवर धुळीचा थर बसतो, तीही धुऊन घ्या. मग एसी पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालवून साधा थर्मामीटर आधी हवा आत ओढली जाते तिथे आणि नंतर गार झोत येतो तिथे धरा. उन्हाळ्यात दोन्हींमध्ये ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र आपलं काम करतंय, खोलीचा भारच जास्त आहे. फरक फार कमी असेल तर गॅस गळतोय का ते मेकॅनिककडून तपासून घ्या.

आणि आउटडोअर ड्राय बाल्कनीत असेल तर तिकडेही बघा. वॉशिंग मशीन, सुकत घातलेले कपडे आणि बंद स्लायडिंग यांच्यामध्ये तो आपलीच गरम हवा परत ओढत राहतो. अशा जागी दोन टनाचा एसीही कमी पडेल. आउटडोअर उघड्यावर घेणं हाच उपाय.

थंडीसाठी वेगळा हिशेब नको

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि घरात वयस्कर माणसं असली की हीटरचा विषय निघतो. गरम-गार दोन्ही करणारा एसी अशा थंडीत एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो, तर हीटर एकाला एकच. उन्हाळ्याच्या हिशेबानं निवडलेला टन पुण्याच्या थंडीला पुरतो. फक्त गरम हवा वर छताशी साचते, म्हणून एसीची झडप पूर्ण खाली वळवून ठेवा.