फॉरेन की लिहायला बसण्याआधीची तयारी (जँगोवाल्यांसाठी)

सगळ्यात आधी लॅपटॉप मिटा आणि एक पाठकोरा कागद घ्या. खरंच सांगतोय. मी आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी जँगोत (पायथनमध्ये वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) छोटं ॲप लिहिलं होतं, फ्लॅट, मेंबर, पावती अशी तीनच टेबलं, आणि तीन टेबलांना कसला आलाय कागद म्हणून थेट मॉडेल्स (टेबल कसं असेल ते सांगणारा कोड) टाइप करत सुटलो, पावतीत मेंबरची फॉरेन की (पावती कोणत्या मेंबरची ते सांगणारा दुवा), ऑन_डिलीटला (मेंबर उडाला तर पावतीचं काय) कॅस्केड (तीही उडव), कारण सगळ्या ट्युटोरियलमध्ये तेच असतं. पुढे एकांनी फ्लॅट विकला, सेक्रेटरी म्हणाले जुनं नाव काढून टाक रे, मी ॲडमिनमध्ये (जँगोची डेटा बघायची-बदलायची तयार पानं) जाऊन मेंबर डिलीट केला. जँगो बिचारा त्या पानावर अख्खी यादी दाखवतो की ह्याच्यासोबत हे हे पण जाणार, पण वाचतो कोण! तीन वर्षांच्या 36 पावत्या गेल्या, आणि कळलं कधी, तर ऑडिटरने जमा रक्कम पासबुकाशी ताडून बघितली तेव्हा. बॅकअप होता म्हणून अब्रू वाचली.

तर कागदावर टेबलांच्या चौकटी काढा, बाण काढा आणि प्रत्येक बाणाशेजारी लिहा की ज्याच्याकडे बाण जातोय ती ओळ उडाली तर मागे उरणाऱ्यांचं काय करायचं. पैशाचा हिशोब जिथे असेल तिथे डोळे झाकून प्रोटेक्ट, म्हणजे पावत्या असतील तोवर मेंबर डिलीटच होणार नाही. तक्रारीत प्लंबरचं नाव जोडलंय आणि प्लंबर बदलला, तर तक्रार राहिली पाहिजे, तिथे सेट_नल, म्हणजे प्लंबरची जागा नुसती रिकामी होते, आणि सोबत नल=ट्रू (रिकामं चालेल) द्यायला विसरू नका, नाहीतर जँगोचा चेकच अडवतो. कॅस्केड फक्त त्याला, जे एकटं राहून काही कामाचं नाही, उदाहरणार्थ मेंबरच्या गाड्यांचे नंबर. 2.0 व्हर्जनपासून ऑन_डिलीट लिहावंच लागतं, त्याआधी नाही दिलं तर गुपचूप कॅस्केड व्हायचं, त्यामुळे जुना कोड हातात आला तर आधी हेच शोधा. अजून एक, हे नेहमीचं कॅस्केड, सेट_नल वगैरे जँगो स्वतः पायथनमध्ये करतो, डेटाबेसला त्याचा पत्ता नसतो. कोणी जँगो टाळून थेट एसक्यूएलने (डेटाबेसच्या भाषेत) मेंबर उडवायला गेला तर गाड्या आपोआप जाणार नाहीत, फॉरेन कीचा एरर येईल.

माझी खरी चूक मात्र कॅस्केडच्या आधीचीच होती. मी फ्लॅटमध्येच मालक म्हणून मेंबरची एक फॉरेन की टाकली होती. आता फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो, विकला जातो, वारसाने मुलाकडे येतो, हे सगळं एका कीमध्ये कसं मावणार? मधे ‘मालकी’ नावाचं वेगळं टेबल हवं होतं, त्यात एक की फ्लॅटची, एक मेंबरची, आणि कधीपासून कधीपर्यंत अशा दोन तारखा. मग फ्लॅट विकला की ‘पर्यंत’मध्ये तारीख भरायची, झालं, डिलीटचा विषयच संपला.

नावं पण कागदावरच ठरवा. फील्डला मेंबर म्हणा, मेंबर_आयडी नको, कारण _आयडी जँगो स्वतः लावतो आणि कॉलम मेंबर_आयडी_आयडी होऊन बसतो. पावती कोणाच्या नावाची आणि पावती फाडली कोणी, ह्या दोन्ही फॉरेन की मेंबरकडेच जातात, तेव्हा रिलेटेड_नेम (मेंबरकडून त्याच्या पावत्यांकडे जायचं नाव) वेगवेगळं द्या, नाहीतर उलटीकडून दोघांचं नाव एकच होतं आणि जँगो भांडतो. लॉगिनवाल्या युजरकडे की जात असेल तर सेटिंगमधलं ऑथ_युजर_मॉडेल वापरा, आणि स्वतःचं युजर मॉडेल करायचं का हे पहिल्या मायग्रेशनच्या (मॉडेल्सप्रमाणे डेटाबेसात टेबलं बनवण्याच्या) आधी ठरवा, नंतर बदलायला गेलात तर रडाल. इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) काळजी नको, तो जँगो फॉरेन कीवर आपोआप लावतो.

जुना डेटा एक्सेलमधून येणार असेल तर एक अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवा. आमच्याकडे एकच फ्लॅट बी-204, बी 204 आणि बी204 असा तीन तऱ्हेने होता, चौथ्या ठिकाणी शेवटी एक स्पेस होती जी डोळ्यांना दिसतच नव्हती. आधी फील्ड नल=ट्रू ठेवून मायग्रेट करा, स्क्रिप्टने जोड्या लावा, न लागलेल्या ओळी हाताने बघा, आणि एकही रिकामी उरली नाही की मगच नल काढा. हाताने बनवलेलं जुनं टेबल असेल तर दोन्ही कॉलमचे टाइप पण जुळवा, मायएसक्यूएलमध्ये एकीकडे इंट आणि दुसरीकडे बिगइंट असेल तर फॉरेन की बनतच नाही.

शेवटी शेलमध्ये (जिथे जँगोला थेट कमांड देता येतात) जाऊन पावत्या असलेला एक मेंबर मुद्दाम डिलीट करून बघा (टेस्टच्या डेटाबेसवर हो!), प्रोटेक्टेडएरर आला पाहिजे. पावत्यांची यादी उघडून क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) मोजा, 80 पावत्यांना 81 क्वेरी दिसल्या तर सिलेक्ट_रिलेटेड (पावत्यांसोबतच मेंबर एका क्वेरीत आणणारं) राहिलंय. एवढं झालं की सेक्रेटरींना ॲडमिनचं लॉगिन द्या, पण मेंबर डिलीटची परवानगी काढूनच. स्वतःची पण काढा.