लहान मुलांसाठी तट्टू निवडताना

घरात सहा-सात वर्षांची मुले असतील, तर तट्टाच्या रंगरूपापेक्षा त्याचे वय आणि स्वभाव आधी पाहावा. दहा ते पंधरा वर्षांचे, माणसांना सरावलेले जनावर नवशिक्यांना सर्वांत योग्य ठरते. शिंगरू मुलांबरोबरच वाढवण्याची हौस मात्र आवरावी, कारण दोघेही अननुभवी असले की एकमेकांना घाबरवण्यापलीकडे काही करीत नाहीत.

खांद्यापाशी मोजलेली 44 ते 48 इंच उंची या वयाला पुरते. स्वार आणि खोगीर यांचे एकत्रित वजन तट्टाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू काटक असते, परंतु ते बहुधा याहून उंच भरते, म्हणून ते जरा मोठ्या मुलांसाठी ठेवावे.

पाहायला गेल्यावर खोगीर आधीच चढवलेले दिसले, तर ते उतरवायला सांगून सर्व तयारी आपल्यासमोर करून घ्यावी. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, आवळताना तट्टू कान मागे पाडते का, चावायला वळते का, चारही खूर मुकाट्याने उचलू देते का आणि शेजारून दुचाकी गेली तर बिचकते का, हे नीट न्याहाळावे. पुण्याच्या आसपास या शेवटच्या परीक्षेला पर्याय नाही.

व्यवहारापूर्वी स्वतः निवडलेल्या पशुवैद्याकडून दात, डोळे, पाय तपासून घ्यावेत आणि ग्लँडर्स व सर्रा या रोगांसाठी रक्तचाचणी करावी. पावसाळ्यात सततच्या ओलाव्याने खूर सडतात, त्यामुळे कोरड्या जमिनीचा तबेला आधी तयार असावा.