टॉमकॅट बसवताना ‘फक्त एकदा सुडोने’ चालू करू नका

टॉमकॅट (जावातली वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) पाच मिनिटांत बसतो असं जो सांगतो, त्याने तो पुढे वर्षभर सांभाळलेला नसतो. पाच मिनिटांत ब्राउझरमध्ये बोक्याचं चित्र दिसतं, इतकंच. टॉमकॅट म्हणजे बोका. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी हे नाव निवडलं ते हा प्राणी स्वतःचं स्वतः बघतो म्हणून. सर्व्हर रीबूट झाल्यावर मात्र हा बोका स्वतःहून उठत नाही, त्याला उठवण्याची व्यवस्था तुम्हालाच लावावी लागते. बहुतेक लेख तीच दोन ओळींत उरकतात आणि मी तिथेच सर्वात जास्त मार खाल्ला आहे.

या कमांड मी फोनवरून इतक्यांदा सांगितल्या आहेत की इथेही बोलतो तशाच लिहितोय. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या, आणि ‘कॅपिटल’ म्हटलंय तिथे कॅपिटलच. उबुंटूचा सर्व्हर, एसएसएच (दुरून त्यात लॉगिन करायची सोय) आणि सुडोचा अधिकार (रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून कमांड चालवण्याचा) तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. ‘टॉमकॅट हा खरा ॲप्लिकेशन सर्व्हर नाही, नुसता सर्व्हलेट कंटेनर आहे’ हा वाद ज्यांना घालायचा असेल त्यांनी घालावा. वॉर फाइल (जावा वेब ॲप्लिकेशनचं गाठोडं) चालवायची असते तेव्हा निम्म्या ऑफिसांत हाच असतो.

आधी आवृत्ती ठरवा, आणि ती तुमच्या ॲप्लिकेशनकडे बघून ठरवा. टॉमकॅट ९ पर्यंत सर्व्हलेटचे (ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा कोडचे) क्लास ‘जावाएक्स’ या पॅकेजमध्ये होते, १० पासून ते ‘जकार्ता’मध्ये गेले. जुनी वॉर फाइल टॉमकॅट १० वर टाकली की पान ४०४ दाखवतं आणि लॉगमध्ये ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ दिसते, मग लोक परवानग्या तपासत बसतात. कोड जुना असेल तर सरळ ९ घ्या. नवीन असेल तर १०.१, त्याला जावा ११ किंवा पुढचं लागतं. टॉमकॅट ११ ला जावा १७ च्या खाली चालत नाही. ८.५ ची मुदत मार्च २०२४ मध्येच संपली. ते कुणी सुचवलं तर तो लेख तिथेच बंद करा. (१०.१ मध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचं फोल्डर करून त्यात जुनी वॉर टाकली, तर टॉमकॅट ती स्वतः बदलून घेतो. तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे, त्यावर संसार थाटू नका.)

मग एपीटीने (उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या कमांडने) का बसवत नाही? बसवता येतं, आणि अपडेट एपीटीकडूनच हवे असतील तर तोच मार्ग बरा. पण त्यात कॉन्फिग ‘/ईटीसी’मध्ये, जार फाइली ‘/यूएसआर/शेअर’मध्ये आणि वेबॲप्स ‘/व्हार/लिब’मध्ये अशी विभागणी होते. शिवाय त्या पॅकेजची सर्व्हिस फाइल (टॉमकॅट कसा चालू करायचा ते सिस्टिमला सांगणारी) टॉमकॅटला कुंपणात ठेवते: ठरावीक फोल्डर सोडून बाकी सगळी डिस्क त्याच्यासाठी फक्त वाचण्यापुरती. तुमचं ॲप्लिकेशन अपलोड झालेल्या फाइली भलत्या फोल्डरमध्ये ठेवत असेल, तर परवानगी बरोबर असूनही लिहिता येत नाही, आणि कारण ठाऊक नसेल तर त्यात एक अख्खा दिवस जातो. मी टार फाइलनेच (सगळ्या फाइली एकत्र बांधलेल्या गाठोड्याने) बसवतो. सगळं एका जागी राहतं.

जावा: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनजेडीके-१७-जेआरई-हेडलेस’. जेएसपी (जावा कोड मिसळलेली वेब पानं) कंपाइल करायला पूर्ण जेडीके (जावाचा कंपायलरसकटचा संच) लागतं हा गैरसमज आहे. टॉमकॅट स्वतःचा कंपायलर बरोबर घेऊन येतो.

टार फाइल अपाचेच्या (टॉमकॅट बनवणाऱ्या संस्थेच्या) डाउनलोड पानावरून आजची लिंक कॉपी करून ‘डब्ल्यूगेट’ने उतरवा. लेखांमधली तयार लिंक वापरू नका. नवी आवृत्ती आली की जुनी मुख्य जागेवरून काढून आर्काइव्हमध्ये टाकतात, म्हणून सहा महिन्यांपूर्वीची लिंक ४०४ देते. शेजारची ‘एसएचए५१२’ फाइलही उतरवा, ‘एसएचए५१२सम डॅश सी’ चालवा, ‘ओके’ दिसलं की पुढे.

युजर तयार करा: ‘सुडो यूजरॲड डॅश-डॅश-सिस्टिम डॅश-डॅश-यूजर-ग्रुप डॅश-डॅश-नो-क्रिएट-होम डॅश-डॅश-शेल /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन टॉमकॅट’. या युजरला पासवर्ड द्यायचा नाही आणि त्याच्या नावाने कुणी लॉगिनही करायचं नाही.

‘/ऑप्ट/टॉमकॅट’ फोल्डर करा आणि टार तिथे सोडवा: ‘सुडो टार एक्सझेडएफ’, पुढे फाइलचं नाव, मग ‘डॅश कॅपिटल सी /ऑप्ट/टॉमकॅट डॅश-डॅश-स्ट्रिप-कंपोनंट्स=१’. शेवटचा भाग विसरलात तर आत आणखी एक लांबलचक नावाचं फोल्डर तयार होतं.

आता गाडी इथे अडते.

टार सोडवल्यावर सगळं रूटच्या मालकीचं असतं, आणि ‘कॉन्फ’ फोल्डर व त्यातल्या फाइली फक्त मालकालाच वाचता येतात. म्हणजे टॉमकॅट युजरला ‘सर्व्हर.एक्सएमएल’ उघडताच येत नाही. इथे दोन वाईट सल्ले मिळतात. पहिला: सगळ्याला ७७७ (कुणालाही वाचायची, लिहायची, चालवायची परवानगी) देऊन टाका. त्याबद्दल मला काही बोलायचंसुद्धा नाही. दुसरा सभ्य वाटतो, म्हणून जास्त पसरला आहे: ‘सीएचओन डॅश कॅपिटल आर’ करून अख्खं फोल्डर टॉमकॅटच्या नावावर करा. चालतं, पण उद्या तुमच्या ॲप्लिकेशनमधल्या एखाद्या भोकातून कुणी आत शिरला, तर तो टॉमकॅट युजर म्हणूनच शिरणार. मग ‘बिन’मधल्या स्क्रिप्ट आणि ‘कॉन्फ’मधली सेटिंग दोन्ही त्याला बदलता येतात. घराच्या किल्ल्या भाडेकरूला द्याव्यात, पण कुलूप बदलायचा अधिकार कशाला?

मालकी रूटकडेच ठेवा, गटाला वाचू द्या. क्रम असा:

सुडो एमकेडिर डॅश पी /ऑप्ट/टॉमकॅट/कॉन्फ/कॅटॅलिना/लोकलहोस्ट

सुडो सीएचजीआरपी डॅश कॅपिटल आर टॉमकॅट /ऑप्ट/टॉमकॅट

सुडो सीएचमॉड डॅश कॅपिटल आर जी+आर (त्याला लागूनच, मध्ये डॅश न देता, कॅपिटल एक्स) /ऑप्ट/टॉमकॅट

यातला कॅपिटल एक्स महत्त्वाचा. फोल्डरमध्ये शिरायची परवानगी तो देतो, पण साध्या फाइलींना उगाच चालवण्याजोगं करत नाही. मग ‘/ऑप्ट/टॉमकॅट’मधली चारच फोल्डर टॉमकॅटच्या मालकीची करा: लॉग्ज, टेम्प, वर्क, वेबॲप्स. लिहायचं काम त्याला तिथेच असतं.

पहिल्या ओळीतलं ‘कॅटॅलिना/लोकलहोस्ट’ फोल्डर कशासाठी? ते नसेल तर टॉमकॅट चालू होताना स्वतः करू बघतो, कॉन्फमध्ये लिहिता येत नाही म्हणून लॉगमध्ये लाल ओळ टाकतो, आणि ती ओळ बघून घाबरलेला माणूस कॉन्फ टॉमकॅटच्या नावावर करून मोकळा होतो. फोल्डर आधीच असलं की ओळ येतच नाही. ‘कॅटॅलिना’चा पहिला सी कॅपिटल.

परवानग्या लावून झाल्या की हात शिवशिवतात. ‘एकदा बघू तरी चालतंय का’ म्हणत ‘सुडो /ऑप्ट/टॉमकॅट/बिन/स्टार्टअप.एसएच’ टाइप होतं. माझा हात इथेच भाजला आहे.

काही वर्षांपूर्वी एका क्लायंटचा सर्व्हर मी लावला. सर्व्हिस फाइल लिहिली, एनेबल केली, आणि ती तपासण्याऐवजी घाईत सुडोने स्टार्टअप चालवलं. पान उघडलं, मेल टाकली, घरी गेलो. दोन महिन्यांनी एका शनिवारी रात्री त्यांच्याकडे मशीन बंद करून चालू केलं गेलं. सोमवारी सकाळी नऊला फोन: काहीच उघडत नाहीये. सर्व्हिसचं स्टेटस ‘फेल्ड’, बाकी स्पष्टीकरण काही नाही. लॉग्ज फोल्डर उघडलं तर शेवटची नोंद शनिवारची, सगळं आलबेल. तासाभराने ‘एलएस डॅश एल’ नीट वाचलं तेव्हा दिसलं: ‘कॅटॅलिना.आउट’ फाइलचा मालक रूट. दोन महिने टॉमकॅट रूट म्हणून चालत होता आणि त्याने केलेली प्रत्येक फाइल रूटची होती. रीबूटनंतर सर्व्हिसने टॉमकॅट युजर म्हणून तीच फाइल उघडायला घेतली, परवानगी नाही, प्राण सोडला. ती फाइल दुरुस्त केली तर मुखपृष्ठावर ५००, कारण ‘वर्क’मध्ये कंपाइल होऊन पडलेल्या जेएसपीही रूटच्याच. आणि ते ॲप्लिकेशन दोन महिने रूटच्या अधिकाराने इंटरनेटवर उघडं होतं, हे फोनवर सांगायला मला धीर झाला नाही.

तुमच्याकडून हे आधीच झालं असेल तर टॉमकॅट थांबवा, ‘/ऑप्ट/टॉमकॅट’मध्ये जाऊन ‘सुडो फाइंड लॉग्ज वर्क टेम्प वेबॲप्स’ आणि पुढे ‘उद्गारचिन्ह डॅश यूजर टॉमकॅट’ चालवा. जे दिसेल ते परक्या मालकीचं. वर्कमधलं सगळं उडवा, ते पुन्हा तयार होतं. बाकीच्यांची मालकी बदला.

आता सर्व्हिस फाइल, ‘/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/टॉमकॅट.सर्व्हिस’. ‘युनिट’ भागात ‘आफ्टर’ला ‘नेटवर्क.टार्गेट’, ‘इन्स्टॉल’ भागात ‘वाँटेडबाय’ला ‘मल्टी-यूजर.टार्गेट’. मधल्या ‘सर्व्हिस’ भागात टाइप ‘सिंपल’, युजर आणि ग्रुप ‘टॉमकॅट’, एन्व्हायर्नमेंटमध्ये जावा-होमचा पत्ता (टाइप करताना सगळं कॅपिटल आणि मध्ये अंडरस्कोर), ‘एक्झेकस्टार्ट’ला ‘/ऑप्ट/टॉमकॅट/बिन/कॅटॅलिना.एसएच रन’, ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’, आणि ‘सक्सेसएक्झिटस्टेटस’ला १४३.

जवळजवळ सगळे लेख इथे ‘फोर्किंग’ आणि ‘स्टार्टअप.एसएच’ लिहायला सांगतात आणि वर पीआयडी फाइलचं (प्रोसेसचा नंबर लिहून ठेवणाऱ्या फाइलचं) लचांड लावतात. त्याची काही गरज नाही. ‘रन’ म्हटलं की जावा प्रोसेस थेट सिस्टिमडीच्या (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या उबुंटूच्या प्रोग्रॅमच्या) नजरेसमोर चालते आणि मेली तर त्याला लगेच कळतं. ‘कॅटॅलिना.आउट’ मग तयारच होत नाही. तो मजकूर ‘जर्नलसीटीएल डॅश यू टॉमकॅट’मध्ये मिळतो. तारखेच्या लॉग फाइली पूर्वीसारख्याच लॉग्जमध्ये येतात. १४३ चं कारण साधं: थांबवण्याचा सिग्नल १५ नंबरचा, त्यात १२८ मिळवून जावा तोच आकडा परत देतं. ही ओळ नसेल तर तुम्ही नीट थांबवलेली सर्व्हिससुद्धा ‘फेल्ड’ म्हणून लाल दिसते.

जावा-होमबद्दल एक ताकीद. तुमच्या ‘.बॅशआरसी’मध्ये ते लिहिलेलं असेल, पण सिस्टिमडी ती फाइल वाचत नाही. ‘मी हाताने चालवलं तर चालतं, सर्व्हिसने चालत नाही’ ही तक्रार अनेकदा इथेच संपते. पत्ता अंदाजाने लिहू नका, ‘एलएस /यूएसआर/लिब/जेव्हीएम’ करून बघा. एआरएमच्या मशीनवर नावाच्या शेवटी ‘एएमडी६४’ नसतं. आणि जावा स्वतःच्या होम फोल्डरमध्ये बसवलं असेल तर ते टॉमकॅट युजरला बहुधा दिसणारच नाही.

‘सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’, मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल डॅश-डॅश-नाऊ टॉमकॅट’. ‘पीएस’ने बघा, जावाच्या ओळीत पहिलं नाव टॉमकॅट हवं. ‘सुडो एसएस डॅश एलटीएनपी’मध्ये ८०८० दिसायला हवा.

मेमरीची मर्यादा ‘बिन’मध्ये ‘सेटएन्व्ह.एसएच’ करून ‘कॅटॅलिना-ऑप्ट्स’मध्ये लिहा (इथेही सगळं कॅपिटल आणि अंडरस्कोर), ‘जावा-ऑप्ट्स’मध्ये नाही, कारण दुसरं थांबवण्याच्या कमांडलाही लागू होतं, आणि थांबवायला आलेला जावा तेवढीच मेमरी मागत बसतो. ही फाइलही रूटचीच राहणार, म्हणून तिचा गट टॉमकॅट आहे ना हे बघा.

८० नंबरचा पोर्ट हवा म्हणून टॉमकॅट रूटने चालवू नका. पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत देणारा वेब सर्व्हर) ठेवा आणि ‘सर्व्हर.एक्सएमएल’मधल्या कनेक्टरला ‘ॲड्रेस’ म्हणून १२७.०.०.१ द्या. एजेपीचा (वेब सर्व्हरशी बोलायच्या टॉमकॅटच्या वेगळ्या पद्धतीचा) ८००९ वाला कनेक्टर हल्ली मुळातच बंद असतो. २०२० मध्ये घोस्टकॅट नावाची पळवाट सापडल्यावर तो बंद केला. कुठल्या जुन्या लेखाचं ऐकून उघडू नका. ‘वेबॲप्स’मधली ‘एक्झाम्पल्स’ आणि ‘डॉक्स’ काढून टाका. ‘मॅनेजर’ (ॲप्लिकेशन सांभाळायचं टॉमकॅटचं पान) मध्ये एनजिनएक्स नसताना थेट बाहेरून उघडलं तर ४०३ देतं ते बरोबरच आहे. ती अट कॉमेंट करण्यापेक्षा एसएसएचचा बोगदा काढून आपल्या लॅपटॉपवरून बघा.

शेवटी ‘सुडो रीबूट’. मिनिटभराने पुन्हा लॉगिन करा आणि कशालाही हात न लावता ‘कर्ल डॅश कॅपिटल आय लोकलहोस्ट:८०८०’ चालवा. २०० आलं तर झालं. ‘वेबॲप्स’मधलं मुखपृष्ठाचं ‘रूट’ नावाचं फोल्डर (रूट युजरशी त्याचा संबंध नाही) काढलं असेल तर ४०४ येईल, तेही चालेल. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर ‘सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड टॉमकॅट’ विचारा. ‘डिसेबल्ड’ असं उत्तर मिळालं तर एनेबल करायचं राहिलंय. ते करा आणि पुन्हा रीबूट करा. हो, पुन्हा.