मॉडेल ९८ टक्के बरोबर सांगतंय? आधी या चुका टाळा

लातूर-नांदेडकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांचं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हमखास ठरलेलं असतं: एआय मॉडेलमध्ये, म्हणजे फोटो बघून शिकणाऱ्या प्रोग्राममध्ये, छातीचा एक्स-रे टाका, न्यूमोनिया ओळखा. ‘सर, ९८ टक्के अॅक्युरसी!’ आता गुटख्याच्या तोंडाचे १००० फोटो घ्या, त्यात कॅन्सरचे २०. सगळ्यांना डोळे झाकून ‘काही नाही’ म्हणणाराही ९८ टक्केच आणतो. म्हणून आजारी माणसांपैकी किती सापडले, ते आधी सांगा.

सगळ्यात जास्त घोळ डेटा वाटताना होतो. चेस्ट-एक्सरे-१४ या प्रसिद्ध संचात १,१२,१२० एक्स-रे आहेत, पण माणसं ३०,८०५. फाईली नुसत्या पिसून ट्रेन (शिकवायचे) आणि टेस्ट (तपासायचे) असे दोन गठ्ठे केले, तर एकाच माणसाची छाती दोन्हीकडे येते आणि मॉडेल आजाराऐवजी माणूस ओळखून मोकळं होतं. वाटणी पेशंट आयडीवरून करा. फोटो फिरवून, वळवून संख्या वाढवायची ती वाटणीनंतरच, आणि फक्त ट्रेनमध्ये.

एका विभागाची रेसिपी दुसऱ्याला चालेलच असं नाही. पॅथॉलॉजीची स्लाइड कशीही उलटा, बिघडत नाही. एक्स-रे आडवा पलटलात की हृदय उजवीकडे. डोळ्याच्या पडद्याचा फोटो २२४ बाय २२४ केला, तर मधुमेहातले सुरुवातीचे बारीक लाल ठिपके पुसले जातात. सीटीला फुफ्फुसाची विंडो (राखाडी छटांचा दाखवायचा पट्टा) वेगळी, मेंदूची वेगळी. थेट जेपीजी केलंत तर बरंच काही तिथंच हरवतं. आणि त्वचेचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतील, तर उन्हात रापलेल्या ऊसतोड कामगाराला त्या मॉडेलचा काय उपयोग?

मॉडेल आजार सोडून भलत्याच खुणेवरून उत्तर देतं, तो शॉर्टकट मात्र सहज दिसत नाही. कोविडच्या काळात कित्येकांनी ‘नॉर्मल’ म्हणून १ ते ५ वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घेतले, कोविडचे मोठ्यांचे. मॉडेल शिकलं वय!

आमच्याकडेही एका ग्रुपचे टीबीचे सगळे एक्स-रे एका दवाखान्यातले, नॉर्मल दुसरीकडचे. मी म्हटलं, फुफ्फुसांवर काळा चौकोन टाकून चालवा. तरी उत्तरं बरोबर! कोपऱ्यातलं त्या-त्या दवाखान्याचं अक्षर वाचत होतं बेटं. मग पोरांनी दोन्हीकडून दोन्ही प्रकारचे एक्स-रे गोळा केले, कडा कापल्या, परत ट्रेन केलं. आकडा चांगलाच घसरला. रिपोर्टात त्यांनी तोच छापला, काळ्या चौकोनाच्या फोटोसकट.